बसले म्हणजे जुळले नव्हे : बोटीच्या इंजिनाची नळी आणि कारागिराची अमानत

उन्हाळा उतरणीला लागला की हिंगणघाटात पावसाळ्याची तयारी सुरू होते. कवेलू फेरले जातात, नाल्या उपसल्या जातात, शेतकरी बी-बियाण्याच्या दुकानाकडे वळतो. वणा नदीच्या काठच्या वस्त्यांत याच दिवसांत आणखी एक प्रश्न मनात येतो : यंदा पाणी कुठपर्यंत चढेल? पाणी चढलेच तर बोट येईल, असा भरवसा असतो. ती बोट चालते इंजिनावर आणि इंजिन चालते पेट्रोलवर. पण टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत नेणारी नळी आणि तिच्या दोन टोकांचे जोड यांच्याकडे वर्षभर कोणाचे लक्ष जात नाही. या लेखात आम्ही त्याच जोडांबद्दल लिहीत आहोत.

कौटुंबिक मासिकात इंजिनाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याची कारणे दोन. पहिले, पुराच्या वेळी बोटीत बसणारे आपणच असतो; आपली आई, आपली लेकरे. दुसरे, आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल मेकॅनिक, वेल्डर, लेथवाला, पंपसेट दुरुस्त करणारा अशा कारागिरांच्या हातावर चालते. असे काम त्यांच्याच पुढ्यात येऊन पडते. म्हणून ते कसे करावे, आणि कधी करू नये, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घेतलेले बरे.

नदीचे गाव, पण होड्यांचे नाही

वणा नदी नागपूर जिल्ह्यातून येते, हिंगणघाटला वळसा घालते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. नागपूर-हैदराबाद महामार्ग याच गावातून जातो. हिंगणघाटची ओळख कापसाची. इथल्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच विलायतेच्या बाजारात पोचले होते आणि जिनिंग-प्रेसिंग, कापडाच्या गिरण्या यांनी गावाला कारागिरांचे गाव बनवले. मात्र बोटीचे इंजिन ही इथली रोजची वस्तू नाही. उन्हाळ्यात नदीला पाणीच जेमतेम असते.

कोकणात चित्र वेगळे आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जा. तिथे मुस्लिम मच्छीमार कुटुंबांतली मुले मिसरूड फुटण्याआधीच इंजिनाचा आवाज ओळखू लागतात. मोठ्या ट्रॉलरवर डिझेलचे इंजिन आत बसवलेले असते, लहान होडीला मागच्या फळीवर अडकवायचे इंजिन असते. कुठली नळी कुठे लागते, कुठला जोड कोणत्या कंपनीचा, हे तिथे विचारावे लागत नाही. दुकानही बंदरावरच असते आणि जाणकारही.

आपल्याकडे बोट दिसते ती पुरात. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा जिल्ह्यातल्या नद्या पात्र सोडून वाहिल्या आणि हिंगणघाट तालुक्यात घरे, शेते पाण्याखाली गेली. अशा वेळी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या येतात. या दलाचा एक तळ नागपूरला आणि दुसरा धुळ्याला आहे. त्यांच्या रबरी बोटींना मागे लावायच्या इंजिनाला ते लोक 'ओबीएम' म्हणतात. ही प्रशिक्षित माणसे असतात आणि आपले सामान स्वतः सांभाळतात. प्रश्न येतो तो इतर बोटींचा. कुठे ग्रामपंचायतीची असते, कुठे एखाद्या संस्थेने घेतलेली, कुठे तलावावर मासेमारी करणाऱ्याची. इंजिन एका ठिकाणाहून आलेले असते, टाकी दुसऱ्या, नळी तिसऱ्या. वर्षभर गोदामात पडून राहिल्यावर ऐन पावसात ती बाहेर काढतात आणि पाहतात तर टाकीची नळी इंजिनाला लागतच नाही. मग धावाधाव होते ती जवळच्या गॅरेजकडे.

पेट्रोल इंजिनापर्यंत कसे जाते

मागे अडकवायच्या बहुतेक इंजिनांची टाकी वेगळी असते आणि बोटीच्या तळाशी ठेवलेली असते. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. टाकीपासून इंजिनापर्यंत दोन-तीन मीटर नळी असते. नळीच्या मध्ये अंड्याच्या आकाराचा रबरी फुगा असतो आणि टोकांना पटकन लावता-काढता येणारे जोड. इंजिन सुरू करण्याआधी फुगा हाताने दाबून पेट्रोल वर चढवायचे. एकदा इंजिन सुरू झाले की पुढे इंजिनावरचा छोटा पंप ते ओढत राहतो.

'ओढतो' हा शब्द लक्षात ठेवा. मोटारसायकलची टाकी वर असते, पेट्रोल आपोआप खाली येते. जोड ढिला असेल तर थेंब गळतो आणि डोळ्यांना दिसतो. बोटीची टाकी खाली आणि पंप वर असतो. इंजिन चालू असताना नळीत पेट्रोल ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणून जोड ढिला असला तर बहुतेक वेळा पेट्रोल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. वरून जोड कोरडा, स्वच्छ दिसतो आणि आत इंजिन हवा पीत असते. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने 'हवा घेतली' की काय होते, ते त्याने कितीदा तरी पाहिले आहे.

आता थोडा हिशेब करू. २५ अश्वशक्तीचे जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला १० लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. म्हणजे मिनिटाला साधारण १६५ मिलिलिटर, चहाचे दोन कप. ८ मिलिमीटर पोकळीच्या तीन मीटर नळीत मावते किती? सुमारे १५० मिलिलिटर. याचा अर्थ नळीत आणि कार्बोरेटरमध्ये आधीच भरलेल्या पेट्रोलवर इंजिन एखाद-दोन मिनिटे मजेत चालते. काठावर किक घेतली, आवाज घुमला, सगळे खूश. बोट काठ सोडून प्रवाहात शिरली, वेग वाढवला, पेट्रोलची मागणी वाढली आणि ढिल्या जोडातून हवाही तितकीच जास्त शिरू लागली. इंजिन बंद पडते ते नेमके मध्यावर. म्हणून काठावर सुरू झालेले इंजिन हा जोड नीट असल्याचा पुरावा नाही.

यात दुसरे नुकसानही आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. अनेक इंजिनांत ५० लिटर पेट्रोलला १ लिटर तेल हे प्रमाण असते. पेट्रोल कमी पोचले की तेलही कमी पोचते. पिस्टन तापतो, घासतो आणि जाम होतो. जोडातली कसर शेवटी इंजिनावर निघते.

जोड का जुळत नाहीत

पहिले कारण कंपन्यांचे. यामाहा, सुझुकी, होंडा, टोहात्सू, मर्क्युरी यांनी आपापल्या इंजिनांसाठी आपापले जोड बनवले. कुणाचा फिरवून अडकतो, कुणाचा खटक्याने, कुणाला एक खुंटी, कुणाला दोन. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या जोडांतही फरक सापडतो. जोडाच्या आत स्प्रिंगवर बसलेली बारीक गोळी असते. जोड काढला की ती तोंड बंद करते, लावला की समोरची सुई तिला मागे ढकलते आणि वाट उघडते. दुसऱ्या कंपनीचा जोड जोर करून बसवला आणि सुई पुरेशी आत गेली नाही, तर वाट अर्धीच उघडते. बाहेरून जोड पक्का बसलेला दिसतो, आत पेट्रोलची वाट अडलेली असते.

दुसरे कारण नळीचे माप. आपल्या कारागिरांच्या भाषेत सांगायचे तर दोन सुती, अडीच सुती आणि तीन सुती अशा तिन्ही पोकळ्यांच्या नळ्या वापरात आहेत. मिलिमीटरमध्ये त्या साधारण ६, ८ आणि साडेनऊ. अडीच सुतीच्या निपलवर तीन सुती नळी सहज सरकते. क्लिप आवळली की घट्टही वाटते. पण रबर एका बाजूला दुमडते आणि त्या दुमडीतून हवेला वाट मिळते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे आणि ते म्हणजे आटे. टाकीवरचा पितळी निपल बहुतेकदा पाव इंची अमेरिकन आट्यांचा असतो. त्याला एनपीटी म्हणतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नळकामासाठी मिळणारा पाव इंची निपल ब्रिटिश आट्यांचा, म्हणजे बीएसपी असतो. दोघांचे नाव 'पाव इंच'च. पण अमेरिकन निपलला एका इंचात १८ आटे असतात, ब्रिटिश निपलला १९. अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा, ब्रिटिश आट्याचा ५५ अंशांचा. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांचा आटा सुचवला, तर अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा. तेव्हापासून दोन वाटा झाल्या त्या आजही आपल्या गॅरेजच्या टेबलावर येऊन भांडतात. हे दोन आटे एकमेकांत पहिले दोन-तीन फेरे छान जातात. मग अडतात. कारागीर म्हणतो, 'घट्ट बसला.' खरे तर तो बसलेला नसतो, अडकलेला असतो.

बाल्टिमोरची आग

न जुळणाऱ्या जोडाची किंमत जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. ७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात आग लागली. आगगाडीने वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाहून, पुढे न्यूयॉर्कहूनही बंब मदतीला आले. माणसे होती, यंत्रे होती, नळात पाणी होते. पण बाहेरून आलेल्या अनेक बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना लागेनात, कारण प्रत्येक शहराने आपापले माप ठरवलेले होते. आग तीस तासांच्या आसपास चालली आणि दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर अमेरिकेत बंबाच्या जोडांचे एकच माप ठरवण्याच्या कामाला वेग आला.

त्या दिवशी मदत करणाऱ्यांची नियत साफ होती. कमी पडली ती आधीची तयारी. आपल्याकडे पुराच्या दिवशी नेमके हेच घडू शकते.

जुगाड कुठे फसतो

नळी लागत नाही म्हटल्यावर घाईत जे केले जाते ते सर्वांना माहीत आहे. निपलवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. आट्यांवर सुतळी किंवा सफेद टेप चढवतात. वरून दोन प्रकारची लांबी मळून थापतात. पाण्याची पारदर्शक नळी कापून मध्ये टाकतात. पेट्रोल आत राहते, इंजिन सुरू होते, म्हणून काम झाले असे वाटते.

यातले एकेक तपासून पाहू. सायकलची ट्यूब पेट्रोलने फुगते आणि मऊ पडते. सुतळी पेट्रोल शोषते. सफेद टेपचे धागे तुटून आत जातात आणि जाळीत किंवा कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात अडकतात. लांबी टणक होते खरी, पण इंजिन थरथरते, रबर हलते, टणक लांबीला तडा जातो आणि त्या तड्यातून हवा जाते. पाण्याची नळी पेट्रोलमध्ये आधी मऊ आणि मग कडक होते. गार पडल्यावर निपलवरून सुटते. २०२५ पर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला आणखी लवकर खाते आणि हवेतले पाणीही ओढून घेते. दहा वर्षांपूर्वी टिकलेला जुगाड आज टिकेलच, असे समजू नये.

आम्ही जुगाडाच्या विरोधात नाही. गरिबाच्या घरात जुगाडानेच संसार चालतो. शेतावरचे इंजिन बंद पडले तर नुकसान एका पाण्याच्या पाळीचे होते. पुरातल्या बोटीचे इंजिन बंद पडले तर हिशेब माणसांचा असतो. दोन्हीकडे एकच माप लावता येत नाही.

काम नीट कसे करावे

आधी सामान एकत्र मांडा : इंजिन, टाकी, नळी आणि मिळतील ते सगळे जोड. नळीची पोकळी व्हर्नियरने मोजा, डोळ्यांनी नव्हे. आट्यांसाठी आट्यांची पट्टी मिळते, ती लावून पाहा. ती नसेल तर खात्रीचा जुळणारा निपल हाताने फिरवून पाहा. निमुळत्या आट्यांचा योग्य निपल हाताने तीन-चार फेरे मोकळा जातो आणि मग पान्ह्याने हळूहळू आवळतो. दीड-दोन फेऱ्यांतच अडला तर तो त्याचा जोडीदार नाही. पान्हा मोठा करून उपयोग नाही. पितळाचे आटे जातील आणि टाकीचे तोंडही जाईल.

दुसरी गोष्ट, शक्यतो मध्ये काही घालू नका, टोक बदला. इंजिनाच्या बाजूला इंजिनाच्या कंपनीचा जोड, टाकीच्या बाजूला टाकीला जुळणारा जोड आणि दोघांच्या मध्ये एकच अखंड नळी. हे जोड नळीच्या मापाप्रमाणे अडीच सुती आणि तीन सुती निपलचे मिळतात. हिंगणघाटात मिळाले नाहीत तर नागपूर किंवा मुंबईहून मागवता येतात. त्याला चार-आठ दिवस लागतील. म्हणूनच हे काम पावसाआधीचे आहे.

तिसरी गोष्ट, दोन मापांच्या नळ्या जोडाव्याच लागल्या तर मध्ये एकसंध पितळी निपल वापरा, एका बाजूला अडीच सुती आणि दुसऱ्या बाजूला तीन सुती. चांगल्या लेथवाल्याला तो करून देता येतो. कडेची दातेरी धार मात्र नीट काढायला हवी आणि आतले भोक इंजिनाच्या निपलपेक्षा लहान नको. हा जोड नळीच्या वळणात न ठेवता सरळ भागात, डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. दोन्ही बाजूंना योग्य मापाच्या स्टीलच्या क्लिपा लावा. क्लिप रबर कापेल इतकी आवळू नका. एकावर एक तीन निपल चढवून माप गाठू नका, कारण प्रत्येक जोड हा हवेसाठी नवा दरवाजा असतो.

चौथी गोष्ट आट्यांच्या सीलची. निमुळत्या आट्यांना पेट्रोल सहन करणारी पेस्ट लावा आणि टोकाचे पहिले दोन आटे कोरडे सोडा, म्हणजे पेस्ट आत जाणार नाही. सरळ आट्यांच्या जोडात सील वायसर किंवा ओ-रिंग करते. तिथे टेप किंवा पेस्ट लावून फायदा नाही. वायसर जुना असेल तर बदला.

पाचवी गोष्ट, नळी पेट्रोलसाठीच बनवलेली घ्या. फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे असला पाहिजे. बाण उलटा लागला तर कितीही दाबा, पेट्रोल चढणार नाही.

आणि इंजिनाच्या झाकणाच्या आत हात घालू नका. इंजेक्टरच्या नव्या इंजिनांत आतल्या नळ्यांमध्ये जास्त दाबाचे पेट्रोल असते. तिथे बाहेरचा कोणताही जोड चालत नाही. ते काम कंपनीच्या माणसाचे.

परीक्षा पुराआधी

काम झाल्यावर तपासणी चार टप्प्यांत करावी. टाकीवरचा हवेचा स्क्रू उघडा, फुगा उभा धरून टणक होईपर्यंत दाबा. टणकच झाला नाही तर कुठेतरी हवा येते आहे किंवा फुग्याची झडप गेली आहे. टणक झाला तर काही मिनिटे थांबा. लगेच मऊ पडला तर जोड पुन्हा पाहा. तिसरे, प्रत्येक जोड कोरड्या पांढऱ्या कापडाने पुसा. फुगा दाबताना नळीत दाब असतो, तेव्हा जोडातून पेट्रोल बाहेर झिरपते आणि कापडावर ओल दिसते. मग इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये मंद गतीवर चालवून पाहा.

चौथी परीक्षा खरी परीक्षा. शांत पाण्यात, प्रवासी न घेता, लाइफ जॅकेट घालून आणि वल्ही व दोर सोबत ठेवून बोट पंधरा-वीस मिनिटे पूर्ण वेगात चालवा. वर सांगितलेला हिशेब आठवा : नळीत जमलेले पेट्रोल संपल्यावरच जोडाचा खरा गुण कळतो. वेगात असताना फुगा चपटा होत असेल तर वाट अडली आहे किंवा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे. इंजिन धापा टाकत असेल आणि फुगा दाबल्यावर सावरत असेल तर एकतर हवा शिरते आहे, नाहीतर पंप कमजोर आहे.

घरातल्यांसाठी

या कामात घरातल्या बायामाणसांनीही काही गोष्टींवर आग्रह धरावा. पेट्रोलची टाकी स्वयंपाकघराजवळ, जिन्याखाली किंवा झोपण्याच्या खोलीत ठेवू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत चुलीपर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोचते. थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवू नका, लेकरू तहानेने तोंडाला लावते. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय आपल्या गॅरेजमध्ये फार आहे. एक घोट छातीत गेला तर फुप्फुसाला इजा होते. घरातला कारागीर असे करत असेल तर त्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवा. ज्या हातांनी घर चालते ते हात आणि ती छाती जपणे हे घराचेच काम आहे.

माप ही अमानत आहे

माप-तोलात कसर करणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. आपण ती वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर दुकानदाराचा तराजू येतो. पण कारागिराचाही तराजू असतो. व्हर्नियर, आट्यांची पट्टी, पान्हा हीच त्याची तागडी. अडीच सुतीच्या जागी तीन सुती चढवून 'झाले काम' म्हणणे आणि तागडीला टेकू देणे यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. गिऱ्हाईकाला जोडाच्या आतले दिसत नाही. तो कारागिराच्या शब्दावर नदीत उतरतो. त्याने दिलेला हा भरवसा अमानत आहे.

गिऱ्हाईक घाईत असते. ते म्हणते, 'उस्ताद, बसवून द्या ना, दोन दिवसांचंच तर काम आहे.' अशा वेळी 'बसवून देतो' म्हणणे सोपे असते. चार पैसे मिळतात, गिऱ्हाईक खूश होते. आमच्या मते खऱ्या उस्तादाचे उत्तर असे असावे : 'भाऊ, बसतं, पण जुळत नाही. योग्य जोड मागवतो, तोवर ही बोट पाण्यात नका घालू.' या नकारात कमाई गेली असे वाटते, पण हलाल कमाईची खरी कसोटी इथेच लागते. शागिर्दही हेच पाहून शिकतो. उस्तादाने एकदा न जुळणारा जोड परत टेबलावर ठेवलेला पाहिला, तर ते पोरगे जन्मभर विसरत नाही.

काहीजण म्हणतात, 'अल्लाह आहे ना, होईल सगळे ठीक.' अल्लाहवर भरवसा हवाच. पण तवक्कुलच्या आधी उंट बांधायचा असतो, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. क्लिप आवळणे, आटे मोजणे, बोट आधी रिकामी चालवून पाहणे म्हणजेच उंट बांधणे.

मोहल्ल्याला काय करता येईल

सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि लेकराबाळांसह अनेकांचे जीव गेले. बोटीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसे बसली होती. तिथले कारण इंधनाच्या नळीचे नव्हते. पण पुराच्या पाण्यावर चुकीला जागा किती कमी असते, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. भरलेल्या बोटीचे इंजिन प्रवाहात बंद पडले तर बोट आडवी होते, लोक घाबरून एका बाजूला सरकतात आणि मग कोणाच्याच हातात काही राहत नाही.

म्हणून मे महिन्यात, पाऊस दूर असताना, मोहल्ल्याने चार कामे करावीत. गावात, तालुक्यात कोणाकडे बोट आहे याची चौकशी करावी आणि तिचे इंजिन, टाकी व नळी एकत्र लावून पाहावी. जुळणाऱ्या तिन्ही वस्तूंवर एकाच रंगाची खूण करावी, म्हणजे रात्री अंधारात शोधाशोध होणार नाही. एक जास्तीची नळी, दोन्ही टोकांचे जोड, चार क्लिपा, ओ-रिंगा आणि एक पान्हा अशी पिशवी टाकीलाच बांधून ठेवावी. आणि जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर जमणाऱ्या तरुणांपैकी दोघा-तिघांनी हे काम नीट शिकून घ्यावे. आयटीआयमध्ये शिकणारी मुले यात पुढे येऊ शकतात. बोट कोणाची आहे आणि बोटीत कोण बसणार आहे हे विचारायची गरज नाही. पुराचे पाणी कोणत्याही घराचा धर्म पाहून आत शिरत नाही, आणि मदतीला जाणाऱ्यानेही तो पाहू नये.

वणेचे पाणी कधी, किती चढेल हे आपल्या हातात नाही. जोड जुळवणे मात्र आपल्या हातात आहे. हिंगणघाटच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरण्यांची चाके फिरती ठेवली आहेत. बोटाएवढी नळी त्यांना जड नाही. मे महिन्यातली एक दुपार या कामाला द्या. इन्शाअल्लाह, त्या दुपारचा सवाब पावसाळाभर मिळत राहील.